दोन बास प्रीॲम्प, एकच पॉवर ॲम्प: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या वादकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या शहापुरात घराच्या माडीवर माझं सोल्डरिंगचं टेबल आहे. दिवसा उद्यमबागेत नोकरी, संध्याकाळी हे टेबल. ऑर्केस्ट्राचे ॲम्प, बेंजो पार्टीचे मिक्सर, कॉलेजच्या पोरांचे पेडल असं काहीबाही दुरुस्तीला येतं. श्रावण लागला आणि गणपतीच्या कार्यक्रमांच्या तालमी सुरू झाल्या की एक प्रश्न हमखास फोनवर येतो: बास गिटारचे दोन प्रीॲम्प आहेत, पॉवर ॲम्प एकच, कसं जोडू? दरवेळी तेच सांगून घसा बसतो, म्हणून लिहून ठेवलं. काही प्रश्न लोकांनी ज्या शब्दांत विचारले तसेच ठेवलेत.

आज रात्रीच कार्यक्रम आहे. थोडक्यात सांगा.

दोन प्रीॲम्पची आउटपुटं थेट एकमेकांना जोडू नका. मध्ये छोटा मिक्सर घाला. मिक्सर नसेल तर प्रत्येक आउटपुटच्या तारेत ४.७ किलोओहमचा एकेक रेझिस्टर घालून मग दोन्ही एकत्र करा. एका वेळी एकच प्रीॲम्प वाजणार असेल तर ए-बी स्विच, म्हणजे दोघांतला एक निवडणारा स्विच, पुरतो. गुणगुण आली म्हणून थ्री-पिनची अर्थ पिन मात्र काढू नका. बाकीचं कार्यक्रम झाल्यावर वाचा.

प्रीॲम्प कुठला, पॉवर ॲम्प कुठला? माझ्याकडे तर एकच डबा आहे.

बासच्या पिकअपमधून येणारा सिग्नल अगदी बारीक असतो. त्याला लाईन लेव्हलपर्यंत, म्हणजे मिक्सरला किंवा पॉवर ॲम्पला लागतो तेवढ्या पातळीपर्यंत, आणणं आणि बास, मिड, ट्रेबलची चव लावणं हे प्रीॲम्पचं काम. त्या सिग्नलला स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो तो पॉवर ॲम्प. बास हेडमध्ये किंवा स्पीकरसकट येणाऱ्या कॉम्बोमध्ये दोन्ही एकाच डब्यात असतात. डब्याच्या मागे ‘इफेक्ट सेंड’ आणि ‘इफेक्ट रिटर्न’ असे दोन जॅक असतील तर सेंड म्हणजे आतल्या प्रीॲम्पचं आउटपुट आणि रिटर्न म्हणजे पॉवर ॲम्पचं दार. म्हणजे तुमच्या एका डब्यातही एक प्रीॲम्प आधीच आहे. बाहेरून एक पेडल प्रीॲम्प आणलात की दोन झाले. सेंडमधून एक, पेडलमधून दुसरा, दोघांना खाली सांगितलेल्या रेझिस्टरच्या डब्यात एकत्र करायचं आणि तिथून रिटर्नमध्ये जायचं.

बऱ्याच हेडमध्ये रिटर्नला जॅक घातला की आतला प्रीॲम्प आपोआप सुटतो. काहींमध्ये लूप, म्हणजे सेंड-रिटर्नची वाट, समांतर असतो, मिक्सची एक चावी असते, आणि तिथे आतला आवाजही थोडा येत राहतो. आपलं हेड कुठल्या जातीचं आहे ते रिटर्नमध्ये नुसता रिकामा जॅक घालून वाजवलं की कळतं.

दोन प्रीॲम्प लागतातच कशाला?

तीन कारणं मी पाहिली आहेत. एक, ऑर्केस्ट्रात बास गिटारवाला आणि कीबोर्डवर बास वाजवणारा दोघेही आहेत आणि भाड्याने कॅबिनेट एकच आलंय. दोन, वादक एकच, पण त्याला एका प्रीॲम्पचा स्वच्छ तळ आणि दुसऱ्याचा खरखरीत, फाटका आवाज एकाच वेळी हवाय. तीन, दोन वेगळ्या बास, एक फ्रेट असलेली आणि एक बिनफ्रेटची, आणि प्रत्येकीची सेटिंग वेगळी. तिसऱ्याला ए-बी स्विच पुरतो. पहिल्याला मिक्सर पाहिजे. दुसरा प्रकार सगळ्यात गुंतागुंतीचा, त्याबद्दल खाली सविस्तर आहे.

वाय केबल लावली की झालं न्हवं?

वाय केबल म्हणजे एका टोकाला एक जॅक, दुसऱ्या टोकाला दोन. एका आउटपुटचे दोन इनपुट करायला ती चालते. दोन आउटपुटांचं एक इनपुट करायला चालत नाही. केबल तीच, दिशा उलटी, आणि गफलत इथेच होते.

उसाच्या मळ्यात दोन बोअर असतात आणि दोन्ही मोटारी एकाच पाइपला जोडलेल्या असतात. मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल तर काय होतं हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. एक मोटर बंद असली की दुसरीचं पाणी शेतात जायच्या आधी बंद बोअरमध्येच उतरतं. वाय केबलमध्ये नेमकं हेच होतं. प्रीॲम्पच्या आउटपुटचा अंतर्गत रोध, म्हणजे आउटपुट इम्पीडन्स, सहसा शंभर ते हजार ओहमच्या घरात असतो. पॉवर ॲम्पच्या इनपुटचा असतो दहा ते वीस हजार ओहम किंवा त्याहून जास्त. करंट सोपी वाट धरतो. पहिल्या प्रीॲम्पला पॉवर ॲम्पपेक्षा शेजारच्या प्रीॲम्पचं आउटपुट कितीतरी सोपं पडतं, तो तिकडेच ढकलत बसतो, आणि दुसराही तेच करतो.

खानापूरजवळच्या एका लग्नात माझाच असा फजितवाडा झाला. कीबोर्डचा आणि माझा प्रीॲम्प वाय केबलवर होते. कीबोर्डवाल्याने चहाला जाताना आपला व्हॉल्यूम शून्यावर नेला आणि माझी बास गप्प झाली. दहा मिनिटं मी माझीच केबल बदलत होतो. त्याच्या प्रीॲम्पमध्ये व्हॉल्यूमची चावी अगदी शेवटी, आउटपुटच्या तोंडाशी होती. ती शून्यावर गेली म्हणजे आउटपुट सरळ ग्राउंडला टेकलं, आणि वाय केबलमुळे माझंही.

पण त्यात प्रीॲम्प जळतंय काय?

बहुतेक वेळा नाही. हल्लीच्या प्रीॲम्पमध्ये टीएल०७२ जातीची ऑप-ॲम्प चिप असते आणि तिच्या पुढे एक सिरीज रेझिस्टर असतो. ती शॉर्ट सोसते. आवाज अर्धा होतो, जोरात वाजवलं की खालचे सूर फाटतात, आणि माणूस स्पीकरला दोष देतो. हाताने बनवलेल्या किंवा जुन्या ट्रान्झिस्टरच्या सर्किटमध्ये तो सिरीज रेझिस्टर नसला तर मात्र आउटपुटचा भाग तापून जाऊ शकतो. एवढ्याशा जोखमीसाठी दोन रेझिस्टर वाचवण्यात मला काही हशील दिसत नाही.

खरं सांगायचं तर लोक भलत्याच गोष्टीला भितात. प्रीॲम्प जळेल म्हणून मला दहा जण विचारतात. माझ्या टेबलावर जळून येतात ते स्पीकर, आणि वादकांना बसलेले झटके येतात ते मेनच्या वायरिंगमुळे. त्याबद्दल कोणी विचारत नाही.

रेझिस्टर किती ओहमचे आणि कुठे लावायचे?

लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा छोटा डबा घ्या. प्लास्टिकचा नको, त्यात ट्यूबलाइटची आणि मोबाईलची घरघर शिरते. डब्याला तीन मोनो जॅक बसवा, दोन आत येणारे आणि एक बाहेर जाणारा. आत येणाऱ्या प्रत्येक जॅकच्या टोकापासून, म्हणजे टिपपासून, ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर निघतो आणि दोन्ही रेझिस्टर बाहेर जाणाऱ्या जॅकच्या टिपला मिळतात. तिन्ही जॅकचे स्लीव्ह, म्हणजे ग्राउंडची बाजू, एका तारेने एकमेकांना आणि डब्याला जोडायचे. झालं. पाव वॅटचे मेटल फिल्म रेझिस्टर पुरतात. याला ना बॅटरी लागते, ना अडॅप्टर.

४.७ का? पॉवर ॲम्पचं इनपुट २० किलोओहमचं धरलं तर प्रीॲम्पने दिलेल्या १ व्होल्टमागे साधारण ०.४५ व्होल्ट पोचतात, म्हणजे ७ डेसिबलची घट. इनपुट १० किलोओहमचं असेल तर घट ८ डेसिबलच्या आसपास. प्रीॲम्पचा मास्टर थोडा वर केला की भरून निघते. प्रीॲम्पला दिसणारा भार साडेआठ किलोओहमच्या जवळपास राहतो, तो कुठल्याही ऑप-ॲम्पला हलका आहे. १ किलोओहम घेतला तर घट कमी होते, पण दोन्ही प्रीॲम्प एकमेकांना जास्त ओढतात. उलट कोणी सुरक्षित म्हणून १०० किलोओहमचे घालतात. मग २० किलोओहमच्या इनपुटवर घट १७ डेसिबलच्या आसपास जाते, आणि इनपुट त्याहून बरंच मोठं असेल तर डब्यातून पुढे जाणाऱ्या केबलची कपॅसिटन्स आडवी येते. तिथे दहा मीटरच्या साध्या केबलवर बासची टकटक, बोटांचा आवाज दबतो, घोंगडी पांघरल्यासारखा.

व्हॉल्व्हचा प्रीॲम्प असेल आणि त्याचा आउटपुट इम्पीडन्स जास्त असेल तर २२ किलोओहम घ्या आणि डब्यापासून पॉवर ॲम्पपर्यंतची केबल दीड-दोन मीटरचीच ठेवा.

दुकानात काय म्हणून मागायचं?

‘फोर पॉइंट सेव्हन के, पाव वॅट.’ मराठी, कन्नड, हिंदी, तिन्हीत हे असंच म्हणतात, हा एक विषय आपल्याकडे तंट्याचा नाही. पाच टक्केवाल्यावर पट्टे पिवळा, जांभळा, लाल, सोनेरी. एक टक्केवाल्यावर पिवळा, जांभळा, काळा, तपकिरी, तपकिरी. दहा घेऊन ठेवा, दोन हरवतातच.

माझ्या प्रीॲम्पला एक्सएलआर आउटपुट आहे. त्याला हाच डबा?

एक्सएलआरमध्ये पिन १ ग्राउंड, पिन २ सरळ सिग्नल, पिन ३ उलटा सिग्नल. डबा करायचा तर चार रेझिस्टर लागतात, पिन २ ला दोन आणि पिन ३ ला दोन, आणि ते एक टक्क्याचेच हवेत, नाहीतर बॅलन्स्ड जोडणीचा गुणगुण मारण्याचा फायदा वाया जातो. एवढा खटाटोप करण्यापेक्षा दोन्ही प्रीॲम्पच्या साध्या जॅकच्या आउटपुटातून जा. पॉवर ॲम्प आणि प्रीॲम्प शेजारी शेजारी असतील तर दोन मीटरसाठी बॅलन्स्ड नसलं तरी काही बिघडत नाही. अंतर लांब असेल तर मिक्सर.

तुम्ही सारखं मिक्सर मिक्सर का म्हणता?

कारण एकत्र करणं हेच मिक्सरचं काम आहे. प्रत्येक लाईन इनपुटला स्वतःचा बफर, म्हणजे सिग्नल वेगळा ठेवणारा टप्पा, असतो, त्यामुळे एका प्रीॲम्पला दुसऱ्याचा पत्ताच लागत नाही. रेझिस्टरमध्ये जाणारे ७ डेसिबल इथे जात नाहीत. शिवाय दोघांचा आवाज दोन चाव्यांवर येतो. ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाला आणि बासवाला यांच्यातली भांडणं यानेच कमी होतात, हा अनुभव.

चार चॅनेलचा लहान मिक्सर पुष्कळ झाला. लावताना तीन गोष्टी बघा. प्रीॲम्प लाईन इनपुटात घाला, माइकच्या एक्सएलआरमध्ये नको. माइकच्या इनपुटवर ४८ व्होल्टचं फँटम, म्हणजे माइकला मिळणारी वीज, चालू असेल तर ते उलट दिशेने प्रीॲम्पच्या आउटपुटात शिरतं, आणि सगळे प्रीॲम्प ते सोसायला बनवलेले नसतात. दुसरं, लो-कट बटण बंद ठेवा. ते बटण ७५ ते १०० हर्ट्झच्या खालचं कापतं, आणि बासची जाडी ई तार ४१ हर्ट्झला वाजते. पाच तारांच्या बासची बी तर ३१ ला. सोलापूर चादरीएवढा स्पीकर आणून बास येत नाही म्हणणाऱ्या एका पोराकडे नुसतं ते बटण दाबलेलं निघालं. तिसरं, मिक्सरचं फक्त डावं आउटपुट वापरणार असाल तर पॅन, म्हणजे डावी-उजवीकडे वळवणारी चावी, मध्यावर किंवा पूर्ण डावीकडे.

ए-बी स्विच लावला, पण बदलताना ‘टक्’ असा आवाज येतो.

दोन कारणं असतात. कुठल्यातरी प्रीॲम्पच्या आउटपुटवर थोडा डीसी व्होल्टेज साचलेला असतो. त्या आउटपुटच्या टिप आणि स्लीव्हमध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर टाकला की तो गळून जातो. दुसरं, स्विच एकीकडून दुसरीकडे जाताना क्षणभर पॉवर ॲम्पचं इनपुट लटकतं. स्विचच्या आउटपुटला १०० किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडकडे लावून ठेवा. दोन्ही करूनही बारीक टक् राहिला तर गाण्याच्या मधल्या टाळ्यांमध्ये बदला. आमचे जुने लोक असंच करायचे.

एकाच बासला दोन प्रीॲम्प लावले आणि आवाज जाड व्हायच्या ऐवजी पातळ झाला. असं कसं?

हा माझा आवडता प्रश्न आहे.

एका बासचा सिग्नल दोन वाटांनी जाऊन परत एकत्र येतो तेव्हा दोन्ही वाटांचा मेळ बसावा लागतो. प्रीॲम्पच्या आत ऑप-ॲम्पचे टप्पे असतात आणि काही टप्पे सिग्नल उलटा करतात. एका प्रीॲम्पमध्ये असे दोन टप्पे असले तर सिग्नल पुन्हा सुलटा होतो. दुसऱ्यात तीन असले तर उलटाच बाहेर येतो. आता एकाच तारेचा सुलटा आणि उलटा सिग्नल तुम्ही एकत्र केलात. एक स्पीकरचा कोन बाहेर ढकलायला सांगतो त्याच वेळी दुसरा आत ओढायला सांगतो. दोघांत समान असलेला भाग, म्हणजे तळाचा सूर, पुसला जातो. उरतो तो दोघांतला फरक, म्हणजे खरखर. म्हणून आवाज पातळ आणि चिरका.

तपासणी सोपी आहे. दोन्ही प्रीॲम्पचे टोन मध्यावर, डिस्टॉर्शन बंद. मोकळी ई तार छेडा आणि दोघांचा आवाज वेगवेगळा ऐकून कानाने समान करा. मग दोन्ही एकत्र सोडा. आवाज मोठा झाला तर मेळ बसलाय. एकट्यापेक्षा कमी झाला तर एकाची पोलॅरिटी उलटी आहे. प्रीॲम्पवर फेजचं बटण असेल तर दाबा. नसेल आणि बॅलन्स्ड जोडणी असेल तर एका केबलमध्ये पिन २ आणि ३ ची अदलाबदल करून ती केबल रंगीत टेप लावून वेगळी ठेवा, नाहीतर पुढच्या कार्यक्रमात भलत्याच ठिकाणी लागते.

एक प्रीॲम्प डिजिटल असेल तर आणखी गंमत होते. डिजिटल पेडल सिग्नल आकड्यांत बदलून परत आणायला एक-दोन मिलिसेकंद घेतं. कानाला ते कळत नाही. पण २ मिलिसेकंद उशिरा आलेला सिग्नल मूळ सिग्नलमध्ये मिसळला की २५० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, पुढे ७५० ला, १२५० ला, असे कंगव्याच्या दातांसारखे खड्डे. बटण दाबून हे जात नाही. उपाय असा की दोन्ही वाटांना काम वाटून द्यायचं. स्वच्छ प्रीॲम्पकडे फक्त तळ, खरखरीतकडे फक्त वरचं. खरखरीत वाटेवर बास पूर्ण कमी करा, जमलं तर २०० हर्ट्झच्या खालचं फिल्टरने कापा, आणि स्वच्छ वाटेवरचा ट्रेबल उतरवा. दोघांचा एकमेकांवर पडणारा पट्टा जितका अरुंद, तितकी भांडणं कमी. मला तर मेळ बसलेल्या दोन ॲनालॉग प्रीॲम्पपेक्षाही असा वाटून दिलेला आवाज बरा वाटतो, पण ही आवडीनिवडीची बाब.

बास दोन प्रीॲम्पना वाटताना मात्र साधा वाय जॅक चालतो, प्रत्येकाचं इनपुट १ मेगाओहमचं असेल तर. दोन मिळून पिकअपला ५०० किलोओहम दिसतात, ठीक आहे. एखादं इनपुट ५० किलोओहमचं असेल आणि बास बिनबॅटरीची असेल तर वरचे सूर मरतात. मग मध्ये बफर लागतो.

दोन प्रीॲम्प म्हणजे दुप्पट पॉवर?

नाही. पॉवर ॲम्प १०० वॅटचा असेल तर तो १०० वॅटचाच राहणार. फक्त तिथे लवकर पोचाल. मेळ बसलेले दोन सारखे सिग्नल एकत्र झाले की व्होल्टेज दुप्पट होतो, ६ डेसिबल वाढतात, आणि पॉवर ॲम्पकडे चौपट वॅटची मागणी जाते. तो देऊ शकला नाही की क्लिप होतो, लाटेचे माथे सपाट होतात. पूर्ण सपाट झालेल्या लाटेत त्याच माथ्याच्या गोल लाटेच्या दुप्पट पॉवर असते. म्हणजे १०० वॅटचा ॲम्प कळवळून ओरडताना २०० वॅटच्या जवळ देऊ शकतो, आणि कॅबिनेटमधला ट्वीटर आधी जातो.

म्हणून एकेकट्या प्रीॲम्पवर आवाज बसवू नका. दोन्ही चालू करून, दोघेही जोरात वाजवत असताना क्लिपचा लाल दिवा लुकलुकणार नाही इतका पॉवर ॲम्पचा गेन ठेवा. तालमीत दोघेजण वेगवेगळे वाजवतात आणि कार्यक्रमाच्या शेवटच्या गाण्याला एकदम तुटून पडतात, दिवा तेव्हा पेटतो.

स्टिरिओ पॉवर ॲम्प आहे. एकेक चॅनेलला एकेक प्रीॲम्प लावला तर चालतंय काय?

उत्तम. दोन चॅनेल, दोन स्पीकर. आउटपुटं एकमेकांना भेटतच नाहीत, डबाही नको आणि मिक्सरही नको. फक्त मागचा मोडचा स्विच स्टिरिओवर आहे ना बघा. तो ‘पॅरलल’वर असेल तर काही ॲम्पमध्ये दोन्ही इनपुट आतून जोडली जातात, म्हणजे पुन्हा वाय केबल. ‘ब्रिज’वर असेल तर दोन चॅनेल मिळून एकच होतो, स्पीकर दोन लाल टर्मिनलांमध्ये लावायचा असतो, आणि कमीत कमी ओहम दुप्पट लागतात. चॅनेलला ४ ओहम चालणारा ॲम्प ब्रिजमध्ये ८ च्या खाली नेऊ नका.

दोन चॅनेलची स्पीकर आउटपुटं एका स्पीकरला एकत्र जोडायचा विचार मात्र मनात आणू नका. प्रीॲम्पच्या बाबतीत नुसता आवाज फाटला असता, इथे धूर निघतो.

ओहमचा हिशोब?

८ ओहमचे दोन स्पीकर समांतर म्हणजे ४. तीन म्हणजे २.७ च्या खाली. ॲम्पच्या पाठीवर ४ लिहिलं असेल तर तिसरा लावू नका. व्हॉल्व्हचा पॉवर ॲम्प असेल तर स्पीकर न लावता चालूही करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

देवळाच्या भोंग्याचा ॲम्प आहे, तो वापरता येईल?

त्याच्या मागे बहुधा ‘ऑक्झ’ किंवा ‘लाईन’ इनपुट असतं. मिक्सरचं किंवा डब्याचं आउटपुट तिथे द्या, ‘माइक’मध्ये नको, माइकचं इनपुट फारच नाजूक असतं. स्पीकर ४ किंवा ८ ओहमच्या टर्मिनलवर लावा. ७० आणि १०० व्होल्टची टर्मिनल लांबच्या भोंग्यांसाठी असतात, तिथे बासचं कॅबिनेट लावायचं नाही. आणि भोंग्यातून बास येणार नाही, कितीही प्रीॲम्प लावा.

दुसरा प्रीॲम्प जोडला की ‘हम्म्म’ सुरू होतं.

ग्राउंड लूप. दोन्ही उपकरणं अर्थिंगवाल्या थ्री-पिनवर आहेत आणि ऑडिओ केबलच्या स्लीव्हनेही एकमेकांना जोडलेली आहेत. ग्राउंडची दोन वाटांची कडी तयार होते, तिच्यात मेनचे ५० हर्ट्झ फिरतात, आणि बासच्या कॅबिनेटला ते फार आवडतात.

आधी दोन्ही प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. निम्म्या वेळा इथेच जातं. मेनच्या वायरी ऑडिओच्या केबलींपासून लांब काढा, ओलांडावं लागलं तर काटकोनात. तरी राहिलं तर एका प्रीॲम्पच्या वाटेत १:१ चा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. सिग्नल चुंबकातून जातो, तार तुटते, लूप संपतो. बासच्या तळासाठी ट्रान्सफॉर्मर बऱ्यापैकी दर्जाचा घ्या, स्वस्तातला ४१ हर्ट्झला गुदमरतो. प्रीॲम्पवर ‘ग्राउंड लिफ्ट’चं बटण असेल तर तेही दाबून बघा. ते फक्त ऑडिओच्या तारेचा ग्राउंड सोडतं, मेनचा नाही, म्हणून सुरक्षित आहे.

अर्थ पिन काढली की हम जातंय की.

जातंय. आणि कधीतरी माणूसही जातो.

बासच्या तारा ब्रिजमधून, केबलच्या स्लीव्हमधून ॲम्पच्या चेसिसला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, जोडलेल्या असतात. ॲम्पच्या आत फेजची तार सुटून चेसिसला टेकली आणि अर्थ असेल, तर जोराचा करंट वाहतो आणि एमसीबी पडतो. अर्थ काढलेला असेल तर काहीच पडत नाही. चेसिस, केबल, तारा, सगळं २३० व्होल्टवर शांत बसून राहतं. तुमचे हात तारांवर आहेत, आणि तुम्ही कोरस म्हणायला माइककडे झुकता. माइक मिक्सरमार्फत नीट अर्थ झालेला आहे. करंट हातातून ओठात.

तालमीत एकदा माझा ओठ माइकला लागला आणि मी मागच्या ड्रमवर जाऊन पडलो. त्या ॲम्पची अर्थ पिन आधीच्या कोणीतरी पक्कडीने कापलेली होती. तेव्हापासून दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक वस्तूचा टॉप, म्हणजे प्लग, मी आधी बघतो आणि पिन नसली तर नवा टॉप लावूनच परत देतो, विचारत नाही.

आपल्याकडे गणपती म्हणजे पावसाचे दिवस. मांडवात खाली ओली माती, वर तात्पुरतं वायरिंग, आणि लाईट गेली की जनरेटर, ज्याला कित्येकदा अर्थिंगच केलेलं नसतं. मांडववाल्याला अर्थिंगचं विचारा. बोर्डाच्या आधी ३० मिलिअँपचा आरसीसीबी बसवून घ्या किंवा स्वतःचा घेऊन जा. तो फेज आणि न्यूट्रलमधल्या करंटचा फरक मोजतो आणि करंट माणसातून जायला लागला की वीज तोडतो. मात्र अर्थिंग असू द्याच, एकावर दुसरा म्हणून चालत नाही.

दोन पिनांच्या अडॅप्टरवरच्या प्रीॲम्पला हात लावला की मुंग्या येतात. टेस्टरही पेटतो.

स्विचिंग अडॅप्टरमध्ये मेनकडची बाजू (प्रायमरी) आणि आउटपुटची बाजू (सेकंडरी) यांच्यामध्ये एक लहान कपॅसिटर असतो, त्यातून अगदी बारीक करंट झिरपतो. अर्थ नसल्याने चेसिस मेनच्या अर्ध्या व्होल्टेजच्या आसपास तरंगतं. अर्थ असलेल्या पॉवर ॲम्पला केबल लावली की मुंग्या थांबल्या पाहिजेत. थांबल्या नाहीत तर पॉवर ॲम्पचा अर्थ गेलाय, आधी तो बघा. मुंग्यांऐवजी झटका बसला तर अडॅप्टर कचऱ्यात.

दोन्ही प्रीॲम्प एकाच अडॅप्टरवर चालतील?

दोघांचे व्होल्ट आणि पोलॅरिटी सारखी असेल तर. बहुतेक पेडल ९ व्होल्ट, मधली पिन निगेटिव्ह. एखादं मधली पॉझिटिव्ह असलेलं निघालं तर ऑडिओच्या ग्राउंडमधून अडॅप्टर शॉर्ट होतो. दोघांचे मिलिअँप मिळवा आणि अडॅप्टर त्याहून मोठा घ्या. एकत्र लावल्यावर बारीक शिट्टी येत असेल तर वेगवेगळे अडॅप्टर.

आधी काय चालू करायचं?

प्रीॲम्प, मिक्सर, शेवटी पॉवर ॲम्प. बंद करताना पॉवर ॲम्प आधी. केबल काढायची तर पॉवर ॲम्पचा व्हॉल्यूम शून्यावर. जनरेटर बदलतानाही तेच.

हेडच्या स्पीकर आउटमधून मिक्सरमध्ये घेतलं तर?

८ ओहमला १०० वॅट म्हणजे २८ व्होल्ट. मिक्सरच्या लाईन इनपुटला अपेक्षा असते साधारण सव्वा व्होल्टची. नको. लाईन आउट किंवा डीआय आउट शोधा. तसंच स्पीकरला गिटारची शील्ड केबल लावू नका, आतली तार केसासारखी असते.

पावसाळ्यात सगळे जॅक कडकड करतात.

जून ते सप्टेंबर बेळगावात कपडे वाळत नाहीत, जॅक कसे कोरडे राहतील! कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून जॅक दहा वेळा आत-बाहेर करा. रिटर्नच्या जॅकमध्ये आत स्विच असतो, तो गंजला की काही न जोडताही आवाज येतो-जातो. खोबरेल लावू नका. एकाने लावलं होतं, महिन्याने त्यात मुंग्या निघाल्या, खऱ्या.

डबा तयार झाला. थेट स्टेजवर नेऊ का?

मल्टिमीटर ओहमवर घ्या, काहीही न जोडता मोजा. पहिल्या इनपुटच्या टिपपासून आउटपुटच्या टिपपर्यंत ४.७ किलोओहम. दुसऱ्यापासूनही तेच. दोन इनपुटांच्या टिपमध्ये ९.४ च्या आसपास. कुठलीही टिप आणि स्लीव्ह यांत काहीच दाखवता कामा नये. दोन इनपुटांच्या टिपमध्ये ९.४ ऐवजी शून्य दिसलं तर सोल्डरचा डाग दोन्हीकडे पसरलाय आणि तुम्ही लोखंडी डब्यात वाय केबलच बनवलीय. डाग काढा, परत लावा, परत मोजा. मग घरी, पॉवर ॲम्प अगदी कमी ठेवून, एक प्रीॲम्प वाजवत दुसऱ्याचा व्हॉल्यूम शून्यापासून वर आणि परत खाली फिरवा. पहिल्याच्या आवाजात थोडाफार फरक पडेल, पण तो गप्प होता कामा नये.